भावोजींच्या मिरच्यांचं बी

३ फेब्रुवारी
ताईने दिलेलं सगळं बी आज एकदम पेरलं. भावोजींच्या गोळ्यांच्या डबीत होतं. त्यांच्या गच्चीवरच्या जहाल मिरच्यांचं हे शेवटचं बी – ते गेले, घर विकलं, नव्या लोकांनी कुंड्या फेकून दिल्या. ताईच्या आताच्या खोलीत ऊन येत नाही, म्हणून काम माझ्याकडे. "थोडं मागे ठेव हं," म्हणाली होती. ठेवलं नाही. नवशिक्याचा उत्साह! ट्रे फ्रिजवर, उबेला. वर पातेल्याचं काचेचं झाकण.

त्याच हाताने डोळा चोळला. दुकानात दिवसभर लाल डोळ्याने लोकांना चष्मे बसवून दिले. एक आजी म्हणाल्या, "आधी स्वतःचे डोळे तपासा."

१५ फेब्रुवारी
उगवलं! ताईला लगेच फोन. ती म्हणाली, "सगळं?" म्हटलं, "जवळजवळ सगळं." बायको म्हणते, मुलांच्या वेळी एवढा उठून बघत नव्हतास.

२० फेब्रुवारी
रोज पाणी घालतोय. झाकण काढावं का? राहू दे, उबेत बरी वाढतील.

२४ फेब्रुवारी
सगळ्यांनी मान टाकली. देठ मातीपाशी काळे पडून दोऱ्यासारखे झालेत. नर्सरीवाल्याला जाऊन विचारलं. "उगवल्यावर झाकण काढायचं असतं, साहेब. हवा नाही, वर रोज पाणी – कुजणारच."

एवढंसं! कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. चिमूटभर बी मागे ठेवलं असतं तरी चाललं असतं. माझा आगाऊपणा नडला, आणि तोही ताईला.

२५ फेब्रुवारी
ताईचा फोन. "कशी आहेत रे पोरं?"
"मजेत," म्हणालो. जीभ झडली नाही माझी.

१ मार्च
नर्सरीतून चार रोपं आणली. "तिखटातली तिखट द्या," म्हटलं. घरी येऊन ती आपल्या कुंड्यांत लावली. बायको दारात उभी राहून बघत होती. "ताईंना सांगून टाक. रडतील, रागावतील, पण मोकळा होशील."
धीर होत नाही. भाऊ म्हणवून घेणारा चोर आहे मी.

९ एप्रिल
फुलं आली. ताईला फोटो पाठवला. तिने तो मोबाइलवर लावलाय म्हणे, भावोजींच्या फोटोच्या जागी. जेवण गेलं नाही.

१७ मे
ताई आली. आज सांगायचंच ठरवलं होतं. पण ती चपला काढून थेट खिडकीशी गेली, एक मिरची तोडली आणि कच्चीच चावली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी पाणी आणायला धावलो, तर म्हणाली, "राहू दे रे. अगदी तीच आहे, ह्यांची. केवढी तिखट!"

बराच वेळ नाक ओढत कुंड्यांपाशी बसून राहिली. निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं जपलंस," म्हणाली. मी मान खाली घालून उभा. आता कुठल्या तोंडाने सांगू?

१८ मे
सकाळी मीही एक मिरची चावून पाहिली. मग दुसरी. मग चारही रोपांवरची एकेक.
एकही तिखट नाही.