दाराला पाठ असलेली खुर्ची

प्रिय चिंग,

नववर्षाला तू कुनमिंगहून धाडलेली चहाची वडी पोचली. फोनवर कळवलंच होतं, पण फोनवर आपण दोघी तब्येतपाण्याच्या पुढे जात नाही, म्हणून हे पत्र. सरांच्या बायकोला शिमू म्हणायची तुम्हा मुलांची रीत. ते ऐकून ऐकून माझं पेइलान हे नाव आता फक्त तुझ्या सरांच्या तोंडी उरलंय, आणि तेही चष्मा सापडत नसला की.

सर निवृत्त झाले म्हणजे एवढंच की विद्यापीठातली पुस्तकं आमच्या जेवणाच्या टेबलावर आली. त्यांचा सिद्धान्त तुला माझ्याइतकाच तोंडपाठ आहे. देशादेशांतल्या संबंधांवरच्या पाश्चात्य पुस्तकांत प्रत्येक देश एकेकटा, शेजाऱ्यावर डोळा ठेवून बसलेला. आपल्याकडे आधी नाती आणि मग माणूस, तेव्हा आकाशाखालचं सगळं जग एक घर मानून का पाहू नये? ज्याला स्वतःच्या घरात मोजे कुठे असतात ते ठाऊक नाही, तो जगाचं घर मांडायला निघालाय, असं मी म्हणते. ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात. हिवाळ्याच्या तोंडाला शेवटचं प्रकरण सोडून पुस्तक लिहून झालं होतं.

तुझ्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला मी मागच्या बाकावर होते, आठवतं? तू म्हणालीस की जग एक घर आहे असं नेहमी मानाच्या जागी, दारासमोर बसलेला यजमानच लिहितो. दाराशी बसलेल्यांना कोणी विचारत नाही. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "ही तक्रार आहे, सिद्धान्त नव्हे." पदवी दिली, पण त्यानंतर तू आमच्याकडे जेवायला आली नाहीस. त्याचा मला राग आला होता. तुझा कमी, त्यांचा जास्त.

आता मागच्या महिन्यातली गंमत ऐक. विद्यापीठातला परिसंवाद संपल्यावर आम्ही सगळे तळ्याकाठच्या त्या जुन्या खानावळीत जेवायला गेलो. मंगोलियातल्या उलानबातरहून बातबायर नावाचे अभ्यासक आले होते, अंगापिंडाने थोराड, बोलायला मऊ. आम्ही दारात एकमेकांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत अडलो होतो, तोवर ते सरळ आत गेले आणि दारासमोरच्या खुर्चीत बसले. यजमानाच्या! जेवताना कोण कुठे बसतं यावरून आपल्या शानडोंगात काय होतं ते तुला सांगायला नको. सगळ्यांचे चेहरे उतरले. शिंगला तर घाम फुटला. विभागप्रमुख झालाय, पण सरांपुढे अजून विद्यार्थीच. पाहुण्यांना उठवावं कसं, म्हणून तो नुसताच खोकत राहिला.

सर वळसा घालून गेले आणि दाराला पाठ असलेल्या खुर्चीत, म्हणजे धाकट्या यजमानाच्या, शिंगच्या जागी, बसले. मग जो गोंधळ उडाला! गुरू खाली बसलेले असताना वर बसायचं कोणी? शिंग एका खुर्चीवरून उठला की शेजारचा उठायचा. मासा आला, तर वाढणारी मुलगी ताट धरून उभीच, माशाचं डोकं सगळ्यांत मानाच्या माणसाकडे करायचं, आणि तो कोण ते तिला कळेना. तेव्हा कुठे बातबायरांच्या लक्षात आलं. ते लाजले, म्हणाले, आमच्या तंबूत दारासमोरची जागा पाहुण्याचीच असते, मला वाटलं इथेही तसंच असेल. उठायला लागले तर सरांनी हाताने थांबवलं. मग परत बसत बातबायरांनी अगदी साधेपणाने विचारलं, "सर, सगळं जग एक घर असेल, तर खुर्च्या कोणाच्या घरच्या रीतीने मांडायच्या?"

सरांनी स्वतः ताट फिरवून माशाचं डोकं पाहुण्यांकडे केलं आणि जेवण सुरू झालं. दार सारखं उघडत होतं, थंडी मी म्हणत होती, तरी ते शेवटपर्यंत तिथेच बसले.

घरी आल्यावर कोटही न काढता म्हणाले, "पेइलान, त्या जागेवर पाठीला वारा लागतो. चिंगने हे लिहिलं होतं." दुसऱ्या दिवसापासून शेवटचं प्रकरण बाजूला पडलं. तुझा प्रबंध काढून वाचतात, फेऱ्या मारतात, झऱ्याचं पाणी आणायला जातात आणि रिकामी कळशी घेऊन परत येतात. सिद्धान्त मोडला म्हणून खचलेत असं समजू नकोस. किती तरी वर्षांनी मला ते तरुण दिसताहेत. घर नको असं नाही म्हणत, घराची मांडणी सगळ्यांनी मिळून ठरवायला हवी असं म्हणतात, आणि ते एकट्याने लिहिता येत नाही म्हणून अडून बसलेत.

तर लिहायचं कारण हे. शेवटचं प्रकरण तू लिहावंस, तुझ्या नावाने, त्यांच्या विरुद्ध जाईल तेवढं जाऊ दे. ते फक्त त्याला उत्तर लिहितील. गुरूने शिष्येकडे मागायचं कसं, ह्या संकोचात महिना गेला, म्हणून मी मध्ये पडले. ह्यांना न सांगता लिहितेय असं मी म्हणणार होते, पण ते खोटं ठरेल. मघापासून समोर बसून तोच चष्मा पुसताहेत आणि वाऱ्याचं लिहिलंस का, असं दोनदा विचारून झालंय. वसंतात, विलोला पालवी फुटली की ये. डंपलिंग मी करीन. खालची ओळ त्यांच्या हातची आहे, मी वाचलेली नाही.

तुझीच,
शिमू

चिंग, ये. दाराशी मी बसेन.