आकाशातून आलेली गाय

१४ मार्च

प्रिय बाबा,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मी बरी आहे, वेळेवर जेवते, हे तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकते. तिकडच्या कॉलेजातली नोकरी घेणार का, या तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायला उशीर झाला. पण आधी इथली गंमत ऐका.

आमच्या माळावरच्या रेडिओ अँटेना तुम्ही फोटोत पाहिल्यात. शेजारच्या गोठेवाल्याने कुंपणात वीज सोडलीय. ते टिकटिकलं की आमच्या अँटेना उगाच दचकतात. म्हणून कुठल्याही खोट्या संकेताला आम्ही ‘गाय’ म्हणतो. मंगळवारी सकाळी मी माळावर सैल झालेल्या वायरी आवळत होते. दुपारी सकाळच्या नोंदी बघताना एक टोकदार रेघ दिसली. मी ‘गाय’ असा शेरा मारला आणि चहाला गेले.

चहा संपायच्या आत आमच्या प्रमुख बाई धावत आल्या. पाठीमागे आम्ही त्यांना खाष्ट सासू म्हणतो.

“अगं बये, तुझी गाय आकाशातून आलीय!”

कुंपणाचा संकेत एका कडेने सरकत येतो. हा वरून, सगळ्या माळावर जवळजवळ एकदमच उतरला होता, आणि त्याच क्षणी कण टिपणाऱ्या पाण्याच्या टाक्याही जाग्या झाल्या होत्या. बाबा, अणूहूनही लहान एक कण, बहुधा आपल्या आकाशगंगेच्याही बाहेरून, माणूस जन्मायच्या आधी कधीतरी निघालेला. तो हवेवर आदळून फुटला, अब्जावधी कण माळावर बरसले आणि जाताजाता रेडिओवर एक टिचकी मारून गेले. तेव्हा मी पाना घेऊन तिथेच उभी होते. माझ्यातूनही आरपार गेले असणार, आणि मला साधी शिंकही आली नाही! वेळ जुळवून पाहिली तेव्हा मात्र मी रडले. सासूबाईही रडल्या, आणि मग शेऱ्याबद्दल मला चांगलं झाडलं.

नमनालाच घडाभर तेल झालं. कॉलेजला मी नकार कळवलाय. तुम्ही माझी खोली रंगवून घेतलीत, हे शेजारच्या काकूंनी सांगितल्यापासून लिहायला हात धजत नव्हता. आई गेल्यापासून घरात आवाज हवा म्हणून तुम्ही टीव्ही चालूच ठेवता, हेही त्यांनीच सांगितलं.

मला तुम्ही हवे आहात आणि हा माळही हवा आहे. इथे माझ्याकडे दोन खोल्या आहेत. तुम्ही या. राहायला या, पाहुणे म्हणून नव्हे. माळावर काही दिसणार नाही, ऐकूही येणार नाही. तरी एकदा माझ्याशेजारी उभे राहा.

रागवा, पण उत्तर पाठवा.

तुमच्यावाचून अर्धी, आणि तरीही न येणारी,
तुमची लेक