जवळचं भिंग

ब्रह्मपुरी, १२ डिसेंबर २००३

पायलच्या बाबाले, मुक्काम राजुरा,

नमस्कार लिवत नाई, पण बातमी ऐका! माह्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं! आधी डॉक्टरीण बाईनं विचारलं, "भिंग कोणतं टाकू? दूरचं साफ दिसणारं का जवळचं? दुसऱ्यासाठी चष्मा लागंल."

वार्डातल्या साऱ्या बायांनी दूरचंच मांगलं. मीबी तेच सांगणार होती. तुमी दुसरा संसार मांडाले गेल्यापासून सहा साल तळ्याच्या पारीवरून तुमची वाटच तं पाहून राह्यली होती! पण तोंडातून निंगालं, "जवळचं टाका!" खाटेवरच पायाच्या अंगठ्याले दोरा अडकवला अन् माह्या रोजच्या कामाची, मासोळीच्या जाळ्याची गाठ मारून दाखवली. डॉक्टरीण बाईनं हासत हासत डोळ्यापासून गाठीपर्यंत टेप लावून मोजलं!

काल पट्टी निंगाली. घरी येताबरोबर तुमचं जुनं जाळं काढलं. तुमच्यासारखी गाठ कोणाची नाई, असं मी गावभर सांगत होती. नीट पाह्यलं मात्र कधीच नवतं. आता पाह्यतो तं एक गाठ धड नाई! मासे काऊन निसटत होते, ते आज समजलं.

सारं उसवून नव्यानं विणून राह्यली. हे पत्र टपालात टाकाले मले फुरसत नाई. उद्या तळ्यात जाळं टाकाचं आहे.

मैना, जाळेवाली