गजावरची रेघ

प्रिय लाइल,

फोन केला असता तर तू मला बोलू दिलं नसतंस, म्हणून लिहिते आहे. तुझ्या जिभेला लहानपणापासूनच हाड नाही. आई लाकडी डाव घेऊन तुझ्यामागे धावायची आणि थोड्या वेळाने तुलाच केकचा मोठा तुकडा कापून द्यायची. मी बघत बसायचे. तेव्हा हसू यायचं. आता तुझी तीच गोड बोलण्याची कला आठवली की शिसारी येते.

मंगळवारी तू हरणाची सॉसेजं घेऊन आलास. तुझी गाडी वळणाआड गेल्याबरोबर ती मी कुत्र्याला घातली. "शुक्रवारी नेमबाजी क्लबची सभा आहे, नेटी. कोणी विचारलंच तर एवढंच म्हण, की तुझं लक्ष नव्हतं. मी काय खोटं बोलायला सांगतोय का? माणसाचं लक्ष नसतं कधीकधी!" हे सांगताना तू माझ्याच स्वयंपाकघरात बसून कॉफीत साखर ढवळत होतास.

लक्ष होतं माझं. त्या रविवारी ऑडी ट्रिपलेटने माझ्या शेजारी उभं राहून बार भरला. ठासणीची बंदूक एकाने भरायची आणि दुसऱ्याने पाहायची, हा आपल्या क्लबचा नियम तुला नव्याने सांगायला नको. त्याने बिनधुराची दारू ओतली, गजाने गोळी ठासली आणि गज तसाच आत ठेवून माझ्याकडे बघितलं. बार दोनदा भरला असता, तर गजावर कोरलेली रेघ नळीच्या तोंडापासून वर राहिली असती. मी चष्मा पुसून, वाकून पाहिलं. रेघ अगदी तोंडाशी होती. "रेघ बरोबर!" मी मोठ्याने म्हणाले. ऑडीने गज काढला, नेम धरला आणि तू बनवून दिलेली बंदूक त्याच्या डाव्या हातात फुटली.

बिनधुराच्या दारूचा दाब काळ्या दारूच्या कितीतरी पट असतो, साध्या नळीचं ते काम नाही, हे आपल्या डोंगरात शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. ही बंदूक बिनधुराची दारू सोसेल ना, असं ऑडीने तुला दोनदा विचारलं होतं. "खास तिच्यासाठीच नळी बसवलीय, ऑडी. मी सांगतो त्या मापाने डोळे झाकून भर," असं तू माझ्यासमोर म्हणालास. त्याने तेवढीच भरली. तीन बोटं गेली त्याची. घोड्यांना नाल ठोकणारा माणूस तो, आता खूर कशाने धरणार?

आणि तू दुसऱ्या दिवशीपासून पेट्रोल पंपावर, न्हाव्याकडे, चर्चच्या पायरीवर सांगत सुटलास, की ऑडीने बार दोनदा भरला. "बिचारा! वय झालं, विसरला असेल." तुझ्या तोंडचं ते 'बिचारा' ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

बाबा प्रत्येक नवी बंदूक ट्रॅक्टरच्या जुन्या टायरला बांधायचे, ओकच्या खोडामागे उभे राहायचे आणि दोरीने चाप ओढायचे. आपण दोघं कानांत बोटं घालून त्यांच्या पाठीला चिकटलेले. "फुटायची असेल तर इथे फुटू दे, कुणाच्या हातात नको," म्हणायचे. ते गेल्यावर तू त्या टायरात पेटुनिया लावल्यास. गिऱ्हाइकं आली की ती फुलं दाखवून हसायचास, "आमचे वडील जुन्या वळणाचे होते." मीही तुझ्याबरोबर हसत असे, कारण फुलं खरंच छान आली होती.

काल मक्याचा पाव आणि घेवड्याचं कालवण घेऊन ऑडीकडे गेले. त्याची बायको लोरेना त्याला लहान मुलासारखे घास तोडून देत होती. मला बघून तोच माझी समजूत घालायला लागला. "नेटी, तू मनाला लावून घेऊ नकोस हं. मीच दोनदा भरला असणार. लाइल इथे बसून मला सगळं नीट समजावून गेला. तुला रेघ दिसली नसेल, ऊन किती होतं!" वर म्हणाला, "भाऊ चांगला आहे तुझा, दोन वेळा येऊन गेला." मी तिथून उठले. माणसाचा हात घेतलास तो घेतलास, त्याचा स्वतःवरचा विश्वासही तू काढून घेतलास, आणि त्याने तुझे आभार मानले.

इतकं होऊनही मी मनाशी म्हणत होते, की लाइलची चूक झाली असेल आणि आता तो घाबरला असेल. आपलंच माणूस म्हणून मी कारणं शोधत होते.

आज सकाळी तुझा कोल माझी लाकडं फोडून द्यायला आला. शनिवारी शिकारीचा हंगाम उघडतोय म्हणून बंदूक गाडीतच होती. मी त्याला म्हटलं, "तुझीही ऑडीच्या बंदुकीच्याच खेपेतली ना रे? हात लावू नकोस तिला." तो हसला. "नाही आत्या, बाबांनी नळी बदलून दिली. म्हणाले, ती खेप काळ्या दारूपुरतीच ठीक आहे." कधी बदलली, विचारलं. ऑडीची बंदूक फुटली त्याच्या आधीच्या आठवड्यात, म्हणाला. हे वाक्य तोंडातून निघाल्यावर त्याचं त्यालाच कळलं आणि तो कुऱ्हाड टेकवून उभा राहिला.

त्या खेपेतल्या आणखी तीन बंदुका गावात आहेत. तिघांनाही मी फोन केला, कोणी त्यांना हात लावणार नाही. उद्या सभेत मी उभी राहून रेघेबद्दल सांगणार आहे आणि नळीबद्दलही. ऑडीला पुढच्या रांगेत बसवणार आहे. तुझी परवानगी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही.

ते टपालाने येणार नाही. कोल घेऊन येतो आहे, आणि त्याला मी ते वाचायला दिलं आहे. त्याने मला एकच विचारलं, "आत्या, बाबांना माहीत होतं?" तो आत्ता तुझ्यासमोर उभा असेल. त्याला तू सांग.

अजून तरी तुझीच बहीण,
नेटी