बरं वाटतं त्या दिवशी

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुझ्याशी बोलायचं काम आत्ता निघालं. सांध्यांचं तुझं जे होतं, तेच मला आलंय. तुझ्या वेळी त्याला सगळे नुसता वात म्हणायचे. आता त्याला लांबलचक नाव आहे, रक्ताच्या तपासण्या आहेत, गोळ्या आहेत. सुजलेली बोटं लोकांना दिसतात, त्यामुळे दुखणं त्यांना पटतं. दमणं पटत नाही. सकाळी उठून नुसतं तोंड धुतलं, तरी दिवसभर हमाली केल्यासारखं अंग होतं, हे सांगावं कुणाला? न सांगता कळलं असतं अशी तू एकटीच.

मी पेट्या दुरुस्त करतो, हे तू पाहिलं नाहीस. भजनातल्या पेट्या, हार्मोनियम. मला कुणी शिकवलेलं नाही. जुन्या बाजारातून एक मोडकी पेटी आणली, उघडली, आणखी बिघडवली, मग जुळवली. सुराची पितळी पट्टी टोकाला खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. एवढं कळेपर्यंत चांगल्या पट्ट्या वाया घालवल्या. पण कळलं ते पक्कं. माझ्या हातून गेलेली पेटी त्याच तक्रारीनं परत येत नाही, हे मी अजूनही ऐटीत सांगतो. म्हणूनच दुकानात दिवसाढवळ्या आडवं होणं मला मरणाहून वाईट वाटायचं. मी पडद्यामागं पडायचो आणि कुणी आलं की बायकोनं ‘बाहेर गेलेत’ म्हणायचं, असा हुकूम होता.

हल्ली तुझी चूल फार आठवते. मी उंबऱ्यात बसलोय आणि तू ज्वारीची भाकरी थापते आहेस, पापडासारखी पातळ. मंद आचेवर फडक्याच्या बोळ्यानं दाबत दाबत ती कडक करतेस, मग चुलीच्या अंगाला टेकवून उभी ठेवतेस. शेजारच्या काकू डोकावतात. “काय गं, आज बी कडकच? घरातल्यांचे दात तपासायला बसलीस व्हय?” तू हसतेस. “पोराला आवडती की.” मला आवडायची हे खरं, पण कारण ते नव्हतं. कडक भाकरी टिकते. ज्या दिवशी तुला उठता यायचं नाही, त्या दिवशी फडक्यात बांधलेली चवड फळीवरून खाली यायची. सोबत दही, शेंगाचटणी. अंथरुणातूनच तू सांगायचीस, “चटणीवर तेल घे जरा, कोरडी खाऊ नकोस.” तुझ्या पडून राहण्याच्या दिवसांत आम्ही कधी उपाशी राहिलो नाही.

आणि तो गड्ड्याच्या जत्रेचा दिवस. तू सकाळपासून हिंडतीफिरती, चेहरा मोकळा. मी हट्ट धरला, पाळण्यात बसायला तूच चल. परातीत अजून पीठ शिल्लक होतं, तरी तू हात धुतलेस.

“मी न्हाय येत. बापासंगं जा.”

“आज तर तू बरी हायस की!”

“बरी हाय म्हणूनच न्हाय म्हणते. आज सगळी ताकद खर्चून बसले, तर उद्या काय करू?”

मी भोकाड पसरलं. तू चिडलीस. “रडायचं तर रड. माझ्या अंगात किती हाय ते मला कळतंय.” त्या पाळण्यात मला काही मजा आली नाही.

लिहिता लिहिता काल इथं थांबलो. बोटांनी पुरे म्हटलं.

मला हे सगळं समजायला स्वतः आजारी पडावं लागलं. पहिली दोन वर्षं बरं वाटलं की मी साठलेलं काम एका दिवसात उपसायचो आणि मग आठवडा झोपून काढायचो. आता वाटणी केली आहे. वाईट दिवस कानाचे, बरे दिवस हातांचे. अंग उचलत नाही तेव्हा मी खाटेवर डोळे मिटून पडतो, बायको भाता मारत वरची एकेक काळी-पांढरी पट्टी दाबते आणि कुठला सूर चढलाय, कुठला उतरलाय, ते मी सांगतो. ती खडूनं खूण करते. पडल्या पडल्या सूर जास्त स्वच्छ ऐकू येतो, हा शोध माझा. ती म्हणते, “अहो, पेशंट तुम्ही का पेटी?”

मागच्या आठवड्यात होटगीच्या भजनी मंडळाची पेटी आली होती. त्यांचं रात्री भजन होतं. मला सकाळपासून बरं वाटत होतं. दुपारपर्यंत निम्मे सूर झाले, हात चालत होता. संध्याकाळपर्यंत काम झालं असतं, आणि मग मला कुशीवरही वळता आलं नसतं. तेवढ्यात त्यांचे बुवा आले. “वा मिस्त्री! हात तर झक्कास चाललाय. च्या घ्या आन् उरकून टाका.”

मी कानस फडक्यात गुंडाळली. “बुवा, आज एवढंच. मला आजार आहे, दमायचा. आज ताणलं तर आठवडा जाईल.”

“तुमाला आजार? पैलवानावानी तर दिसताय.”

आतून बायको म्हणाली, “पैलवानाला शर्टाची गुंडी लावायला मी लागते.”

बुवांनी कान खाजवला, पेटीकडं पाहिलं, माझ्या बोटांकडं पाहिलं. मी वाट बघत होतो की आता पेटी उचलून दुसरीकडं नेतील. “मग ऱ्हाऊ द्या हितंच,” ते म्हणाले. “आमी टाळ-मृदंगावर बघतो कसं जमतंय.” ते गेले आणि मी खाटेवर आडवा झालो. पडदा ओढला नाही. रस्त्यावरनं जाणाऱ्यांनी बघितलं असेल, नसेल.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “मिस्त्री, लई रंगलं भजन! पेटी नव्हती तर म्हातारी माणसं बी मोकळ्या गळ्यानं गायली. तुमी निवांत करा.” मी म्हणालो, “वा, छान झालं.”

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून बायकोलाही न सांगितलेलं एक इथं लिहितो. आई, माझ्या पेटीवाचून त्यांचं काही अडलं नाही, हे ऐकून मला जरा वाईटच वाटलं.