तुझ्या आईच्या नावाची नळी

सोमवार, बारा तारीख

चिरंजीव साहेबांस आजीचे आशीर्वाद.

आजी म्हणजे तुझ्या आईची आई. विसरला असशील म्हणून सांगते. हजारो लोकांचं रक्त तपासणाऱ्याला घरची दोन माणसं कुठून आठवणार? मी बरी आहे. गुडघे आपल्या मर्जीने चालतात.

पत्र शेजारचा शिंपी लिहितोय. फोन केला की तू "मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस. कागदाला तसं गप्प करता येत नाही.

तुझा अहवाल पेपरात आला, फोटोसकट. शिंप्याने वाचून दाखवला. आमच्या वस्तीत शंभरात फक्त तिघांना तो डोळे पिवळे करणारा ताप येऊन गेला, म्हणून गल्लीच्या तोंडाशी उघडलेला तापाचा दवाखाना शनिवारी उठवणार. वा रे शहाण्या! एवढा शिकलास आणि रक्त घ्यायला माणसं सकाळी अकराला पाठवलीस. अकराला इथे घरी कोण असतं? मी, पलीकडची बहिरी आणि तिची मांजर. बाकीचे भंगाराच्या शेडमध्ये, प्लास्टिकचा चुरा धूत. हौदात आठवडाभर तेच पाणी. दवाखान्यातली डॉक्टरीण सांगते, त्या चुऱ्यावर बुळबुळीत थर चढतो आणि रंग, औषधं, जंतू सगळे त्यावर बिऱ्हाड करतात. आम्ही घरकोंबड्या. आम्हाला ताप कुठून लागायचा?

आता पुढचं. शिंपी म्हणतो, "आजी, हे नका लिहू." म्हटलं, "दिल्या मापाने शीव, पदरचं कापड जोडू नकोस."

रक्त घेणारा आला तेव्हा यादीत नाव तुझ्या आईचं होतं. ती कामावर. तो म्हणाला, "संध्याकाळी परत कोण येणार? तुम्हीच द्या हात, घर एकच ना?" मी दिला. तिच्या नावापुढे माझा अंगठा, तिच्या नावाच्या नळीत माझं रक्त. नातवाच्या कामात आपल्याच घराचा रकाना कोरा राहायला नको, एवढंच डोक्यात. मला पाहून बहिरीने सुनेच्या नावावर हात दिला, मग गल्लीभर तेच. तू मोजलास तो आम्हा म्हाताऱ्यांचा निरोगीपणा. अभिनंदन! मूर्खपणात मी तुझ्याहून तसूभर कमी नाही. शेवटी रक्ताचं नातं.

शिंप्याने पेन खाली ठेवलं. उचल म्हटलं.

तुझ्या आईच्या तापाचा आज नववा दिवस. डोळे पिवळे झालेत. "त्याला कळवू नकोस, कामात असेल," म्हणते. डॉक्टरीण सकाळ-संध्याकाळ सलाईन लावते, म्हणून ती तग धरून आहे. मोठं इस्पितळ दोन तासांवर, आणि तिला धड बसवत नाही. गल्लीत अशा आणखी अकरा जणी पडून आहेत. तुझ्या शंभरातल्या तिघांत त्यांना कुठे बसवतोस, ते तूच सांग.

शनिवारच्या आत अहवाल मागे घे. पुन्हा माणसं पाठव, सातनंतर, शेड सुटल्यावर. "चुकलो" म्हणायला जीभ रेटत नसेल तर सांग, एका म्हातारीने खोटा अंगठा दिला. माझं काय करायचं ते करू देत त्यांना.

तुझ्यावर जीव असलेली आणि तुझी लाज वाटणारी,
आजी

मोसंबी पाठव. सहा पुरेत. तिला दिवसाला अर्धंच जातं.