रिलीज हिम टू मी

अण्णा,

धाराशिवकडल्या आपल्या वाशीत, तहसील कचेरीसमोर, पत्र्याच्या शेडखाली तुम्ही टाइपरायटर घेऊन बसायचा. दहावी नापास माणूस तुम्ही, पण तालुक्यात कुणाला इंग्रजीत अर्ज करायचा असला की तो तुमच्याकडंच यायचा. तुम्ही इंग्रजी शिकलात ते दुसऱ्यांचे अर्ज टाइप करून आणि त्यांना आलेली उत्तरं वाचून. कुणी 'प्रोव्हाइड मी अ कॉपी' असं लिहून आणलं, तर मान वर न करता तुम्ही मधे 'विथ' टाकायचा. आठवीत असताना एकदा मी ऐटीत म्हणाले, "अण्णा, एक्स्प्लेन मी धिस लेसन." तुम्ही हात थांबवला. "म्हंजी तुलाच उलगडून दाखवायचं व्हय? तू काय धडा हायस का? धडा उलगडायचा, तुझ्यासाठी. एक्स्प्लेन इट टू मी, असं म्हण." मग एका पाठकोऱ्या कागदावर दाखवलंत. आपला 'ला' शब्दाला चिकटून असतो, 'मला' कुठंही ठेवा, कळतं. इंग्रजीत क्रियापदामागं आधी काय, मग 'टू' लावून कुणाला, हे ज्याच्या त्याच्या जागी बसावं लागतं. हा नियम पुढं मला मोठ्या पुस्तकांत भेटला, पण इतका सोपा कुठंच भेटला नाही.

मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची ती दुपार. सुट्टीत घरी आले होते. तुमची बोटं सुजलेली, म्हणून मशीनवर मी बसले होते. तेरखेड्याची एक बाई दिराबरोबर आली. तिचा नवरा ट्रकवर ड्रायव्हर. हैदराबादजवळ अपघात झाला आणि तिथल्या दवाखान्यात तो वारला. गावाकडं नेण्याआधी बायकोचा अर्ज पाहिजे, तोही इंग्रजीत, असं दवाखान्यानं फोनवर सांगितलेलं. जीप रस्त्यावर उभी होती. बाई रडत नव्हती. बाकावर पदर घट्ट धरून बसली होती, आणि तुम्ही विचाराल तेवढंच सांगत होती.

मी भराभर टाइप केलं. माझ्या नवऱ्याचं शव आपल्या दवाखान्यात आहे, 'काइंडली रिलीज इट टू मी'. एकही चूक नव्हती. सही घेण्याआधी प्रत्येक अर्ज ज्याचा त्याला मराठीत वाचून दाखवायची तुमची रीत. तसा तुम्ही वाचायला घेतलात आणि शेवटी म्हणालात, "...ते माझ्या ताब्यात द्यावं."

"ते म्हंजी काय?" बाईनं विचारलं.

"म्हंजी... शरीर."

"माझा माणूस हाय तो. परवा फोनवर बोललाय माझ्यासंगं. ते कशापायी म्हणताव?"

मी मधे बोलले, "मावशी, इंग्रजीत तसंच म्हणतात."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. रागानं नाही, पण मला मान खाली घालावी लागली. मग मला उठवून तुम्ही मशीनसमोर बसलात. कार्बन लावून नवे कागद चढवलेत आणि त्या सुजलेल्या बोटांनी पहिल्या ओळीपासून पुन्हा सगळं टाइप करायला लागलात. एकेका अक्षराला तुमचा ओठ आवळला जात होता. 'रिलीज'नंतर तुम्ही 'हिम' दाबलंत.

मी हळूच म्हणाले, "अण्णा, शवाला हिम म्हणत नाहीत. तिथले लोक हसतील."

"हसू दे. चूक माझी म्हण. सही तिची हाय, कागद तिचा हाय. तिला नको ते त्यात ठिवायचं न्हाय."

मग तुम्ही तिला वाचून दाखवलंत, "त्याला माझ्याकडं द्या." बाईनं मान हलवली, पेन घेतलं आणि एकेक अक्षर जोडत नाव लिहिलं. तेव्हा कुठं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पंधरा दिवसांनी दीर मुद्दाम सांगायला आला. तिथल्या साहेबानं अर्ज वाचला, परत एकदा वाचला आणि स्वतः खुर्चीवरून उठून वहिनीला आत घेऊन गेला. कुणी हसलं नाही. तुम्ही फक्त "बरं झालं" म्हणालात आणि त्याला चहा सांगितलात. मी चहाचा कप हातात धरून तुमच्याकडं बघत बसले. माझ्या कॉलेजातल्या एकाही प्राध्यापकाकडं मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

तुम्हाला जाऊन आता अठरा वर्षं झाली. मी धाराशिवला कॉलेजात इंग्रजी शिकवते. क्रियापद, त्यामागचं सर्वनाम आणि मग 'टू', हा भाग आला की दर वर्षी मी पोरांना ही गोष्ट सांगते. आजही सांगितली. तास संपल्यावर तेर गावाहून येणारी एक मुलगी जवळ आली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही लई भारी केलं त्या दिवशी."

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, वहीतच राहील. म्हणून सांगते. वर्गात मी जी गोष्ट सांगते, तिच्यात 'इट' तुम्ही टाइप केलेलं असतं आणि 'हिम' मी सुचवलेलं असतं. पहिल्या वर्षी ते चुकून तोंडातून गेलं. नंतर मी ते तसंच राहू दिलं. आज त्या मुलीला मी "थँक यू" म्हणाले.